किशोरांची फँटसी कादंबरी अभ्यासायची कशी

फँटसीला पळवाट म्हणून नाक मुरडणारे आणि "काहीही वाचू दे, वाचतोय ना" म्हणून ती चालवून घेणारे, दोघंही ती कादंबरी नीट वाचायचे कष्ट घेत नाहीत. १२ ते १७ या वयासाठी लिहिलेली चांगली फँटसी बारकाईनं वाचली, तर तिथे चमत्कार फुकट मिळत नाही. अंगठी असो, मंत्र असो की भिंतीतलं दार, त्याला नियम असतो. नियमाला किंमत असते आणि ती किंमत कुणीतरी चुकवतं. अभ्यास करायचा तो या तीन गोष्टींचा. 'कल्पनेची भरारी' आणि 'सत्याचा असत्यावर विजय' यांवर पानं भरता येतात, पण ती कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतील अशीच होतात.

पुढची पद्धत एम. ए.चा प्रकल्प करणारे, शाळेतले भाषाशिक्षक आणि वाचनगट चालवणारे यांना धरून लिहिली आहे. चार ते सहा जण आणि आठ आठवडे पुरतात. एकट्यानंही करता येतं. फक्त आपली नोंद खोडून काढणारं कुणी नसतं, म्हणून वेग थोडा कमी ठेवावा.

पुस्तकं चारच

पहिली चूक इथेच होते. सात-आठ भागांची मालिका उचलायची, तिसऱ्या भागात धाप लागायची आणि मग उरलेलं सिनेमावरून भरून काढायचं. मालिकेतला पहिला भाग घ्या आणि थांबा. पुढचे भाग वाचलेले असले तरी नोंदीत आणू नका, कारण पहिल्या भागाच्या वाचकाला जे ठाऊक नाही ते तुम्ही नकळत त्याच्या तोंडी घालता.

निवडीसाठी ब्रिटिश अभ्यासक फारा मेंडलसोन यांची २००८ सालची विभागणी सगळ्यात उपयोगी पडते. अद्भुत कथेत कोणत्या वाटेनं शिरतं, एवढंच त्या विचारतात. नायक आपल्या जगातून दुसऱ्या जगात जातो, हा एक प्रकार. गोष्ट त्या दुसऱ्या जगातच सुरू होते आणि तिथल्या कुणालाच कशाचं नवल वाटत नाही, हा दुसरा. आपल्या रोजच्या जगात काहीतरी घुसतं आणि घडी विस्कटते, हा तिसरा. चौथा काठावरचा: अद्भुताची चाहूल लागत राहते, पण ते पुरतं समोर येत नाही. पहिल्या तीन प्रकारांतलं एकेक पुस्तक घ्या. चौथा प्रकार नवख्यानं टाळलेला बरा. तिथे नियमच धूसर असतो, नोंदवायला हाती फार काही लागत नाही.

चौथी जागा मूळ मराठी लेखनासाठी राखून ठेवा. या वयासाठी लिहिलेली मराठी फँटसी कादंबरी शोधताना कपाट लवकर संपतं, हे मान्य करून पुढे जायचं. कादंबरी मिळाली नाही तर 'किशोर' मासिकातल्या चार-पाच दीर्घ अद्भुतकथांचा संच करा. 'बालभारती'चं हे मासिक १९७१पासून निघतं आणि जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. एका संचात एकाच दशकातल्या कथा ठेवा. १९७०च्या दशकातली राजकन्या आणि २०१०नंतरचा मोबाइलवाला मुलगा एकत्र बांधले, तर फरक काळामुळे पडला की लेखकामुळे, हे सांगता येणार नाही.

पुस्तकं मिळवण्यासाठी नाशिकमध्ये पहिली फेरी सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे 'सावाना'त, मारावी. ते १८४०पासून चालू आहे. बालविभागासोबत अनुवादित साहित्याची कपाटंही तपासा, कारण किशोरांची पुस्तकं या दोहोंत विखुरलेली असतात आणि फक्त बालविभाग पाहणारा अर्ध्यावरून परततो. सोसायटीत किंवा कार्यालयात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाची पेटी येत असेल तर तीही उघडून पाहा. विकत घेताना गटातल्या सगळ्यांकडे एकच आवृत्ती हवी. पान क्रमांक जुळले नाहीत तर चर्चेचा निम्मा वेळ "तुमच्यात ते कुठे आहे?" यात जातो. इंग्रजी पुस्तकांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांत शब्द बदललेले असतात, क्वचित पुस्तकाचं नावसुद्धा. शीर्षकपानामागच्या पानावरून प्रकाशनवर्ष, आवृत्ती आणि अनुवादकाचं नाव वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

काय फँटसी आणि काय नाही

विज्ञानकथा वेगळी काढायला अवघड नाही. २०२१ साली नाशिकला भरलेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते. त्यांच्या प्रकारच्या लेखनात अशक्य वाटणाऱ्या गोष्टीला विज्ञानाच्या भाषेत कारण द्यावं लागतं. फँटसीला कारण नको, नियम हवा. दार मंगळवारीच का उघडतं हे कुणी विचारत नाही, पण ते बुधवारी उघडलं तर वाचक लेखकाची मानगूट धरतो.

पुराणकथेची सीमा जास्त नाजूक आहे आणि नाशिककरांना ती टाळता येत नाही. पंचवटी, सीतागुंफा, तपोवन, हनुमानाचं जन्मस्थान मानलेली अंजनेरी, सगळं हाकेच्या अंतरावर. या कथांना सरसकट फँटसी म्हणू नका. सांगणारा आणि ऐकणारा दोघंही ती गोष्ट खरी मानत असतील, तर ती श्रद्धेची कथा आहे. फँटसीत दोघांनाही ठाऊक असतं की हे रचलेलं आहे, आणि तरीही पुस्तक उघडं असेपर्यंत दोघंही त्यावर विश्वास ठेवायला राजी असतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन यानं १९३९ सालच्या परीकथांवरच्या व्याख्यानात हाच मुद्दा मांडला: लेखक एक दुय्यम जग उभं करतो, त्या जगाच्या कायद्याला धरून असलेलं सगळं आत असेपर्यंत खरं असतं, आणि अविश्वास डोकावला की जादू मोडते, म्हणजे कला फसते. आजची कादंबरी रामायणातलं पात्र घेऊन नवी गोष्ट रचत असेल, तर ती फँटसी म्हणून जरूर वाचा. पण तिचा नियम तिच्याच पानांतून काढा, आजीनं सांगितलेल्या कथेतून नको.

आपल्याकडे अद्भुत कथा पाश्चात्त्य पुस्तकांबरोबर आली असं कुणी म्हणालं, तर वाद घालत बसण्यापेक्षा 'कथासरित्सागरा'च्या 'कथापीठ' या पहिल्या भागातली गोष्ट वाचायला द्या. गुणाढ्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजा सातवाहनानं ती नाकारली. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत गेला, आणि राजा धावत आला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते. परंपरा या राजाची राजधानी प्रतिष्ठानला, म्हणजे गोदावरीच्याच काठी पैठणला ठेवते. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये ही सामग्री संस्कृतात बांधली: १८ लंबक म्हणजे भाग, १२४ तरंग म्हणजे प्रकरणं. त्यातच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि तिथला नियम बघा किती चोख आहे: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी पुन्हा झाडावर. नियम, किंमत आणि ती चुकवणारा, सगळं एका वाक्यात. गटाच्या पहिल्या बैठकीला सरावासाठी याहून चांगला नमुना नाही.

दोनदा वाचायचं

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. तीनशे पानांच्या मराठी पुस्तकाला आठ-दहा तास धरा आणि ते चार दिवसांत संपवा. जास्त ताणलं तर गोष्टीची ओढ तुटते, आणि ती ओढ हीसुद्धा अभ्यासाची वस्तू आहे. फक्त दोन ठिकाणी कागदाचा कपटा घाला: जिथे पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं आणि जिथे ठेववेना.

दुसऱ्या वाचनाला शंभर पानी वही. उघडलेल्या दोन पानांवर पाच रकाने आखा: पान क्रमांक, नियम, किंमत, कोण चुकवतं, आणि मोठी माणसं कुठे आहेत. नोंद दीड ओळीपेक्षा मोठी झाली तर तुम्ही कथानक लिहायला लागलात असं समजा.

रकाने कसे भरायचे ते एका रचलेल्या उदाहरणावर पाहू. समजा, कादंबरी नाशिकमध्येच घडते. चौदा वर्षांच्या मुलीला गोदावरीत बुडालेली वस्तू हाक मारून परत आणता येते. नोंदी अशा होतील:

पान २२. भोवरा वर येतो. नियम: वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं. किंमत: दिसत नाही.

पान ४७. आजीची नथ. नियम वाढला: वस्तू ज्याची त्याचंही नाव हवं. किंमत: शेजारचा मुलगा हाक मारतो, ती त्याला ओळखत नाही. तिला स्वतःला हे जाणवत नाही, वाचकाला जाणवतं.

पान १३०. कुणी नाव न घेता दप्तर वर आलं. नियम मोडला?

पान १६१. खुलासा: नाव आईनं घेतलं होतं. चुकवणारी: आई.

या चार नोंदींत कादंबरीचा सांगाडा आला. पान ४७ आणि १३० यांतला फरक नीट धरा. नियम वाढणं म्हणजे आधीच्या नियमाला नवी अट जोडली जाणं. ते रास्त आहे. नियम मोडणं म्हणजे आधीची अट गैरसोयीची झाली म्हणून लेखकानं ती विसरणं. मोडल्याची शंका आली की लगेच निकाल देऊ नका, प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा. पान १६१सारखा खुलासा आला तर मागचा प्रसंग न्याय्य ठरतो. शेवटपर्यंत आलाच नाही, तर मात्र ती रचनेतली चूक म्हणून पान क्रमांकासह मांडा. शेवटच्या लढाईत नायकाला अचानक नवी शक्ती सापडली तर उलटं वाचत मागे या आणि पहिल्या शंभर पानांत तिची खूण पेरलेली आहे का ते शोधा. बऱ्याचदा ती एखाद्या विनोदी वाक्यात दडवलेली असते.

आता चौथा रकाना. किंमत मुलगीच चुकवते आहे असं वाटत होतं. निघालं असं, की दुसरंच कुणीतरी चुकवत होतं. किशोरवयासाठीची फँटसी लहान मुलांच्या परीकथेपासून वेगळी होते ती इथे. परीकथेत वर मिळाला की मिळाला. इथे वर मिळाल्यावर, तो कुणाच्या जिवावर मिळाला हे कळण्यापर्यंतचा प्रवास म्हणजे गोष्ट. म्हणून प्रत्येक पुस्तकात एक पान नक्की करायचं: नायकाला किंमत चुकवणारा कोण हे पहिल्यांदा कळतं ते पान. त्या पानाला एकूण पानांनी भागून शंभरानं गुणा. वरच्या कादंबरीची २४० पानं असतील तर १६१ म्हणजे साधारण ६७ टक्के. अद्भुताच्या पहिल्या दर्शनाचाही आकडा असाच काढा. चारही पुस्तकांचे हे दोन आकडे आलेख-कागदावर शेजारी मांडले की कुठल्या पुस्तकात कळण्यासाठी किती वाट पाहायला लावली आहे ते दिसतं, आणि चर्चा "मला आवडलं" यावरून हलते. चार पुस्तकांवरून सगळ्या साहित्यप्रकाराचा नियम मात्र काढायचा नाही.

पाचवा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो सोडू नका. कर्ती, समजूतदार मोठी माणसं हाताशी असतील तर निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही. त्यामुळे लेखकाला त्यांना दूर करावं लागतं: मृत्यू, आजारपण, परगाव, तुरुंग, किंवा सगळ्यात सोपं म्हणजे मुलावर विश्वासच न ठेवणं. मराठी घरात हे काम जड जातं. आई-बाबांना बाहेर काढलं तरी आजी असते, काका असतो, वरच्या मजल्यावरच्या काकू चहा-साखरेच्या निमित्तानं डोकावतात. म्हणून आपल्याकडच्या कथांत मे महिन्याची सुट्टी आणि मामाचं गाव इतक्यांदा येतं. मोठ्यांना हलवण्याऐवजी मुलालाच हलवायचं. लेखकानं कोणती युक्ती वापरली आणि ती प्रकरण संपेपर्यंत टिकली का, एवढं लिहा.

जगाची मापं

दुसऱ्या जगाचं वर्णन कसं तपासायचं याचा धडा पावसाळ्यात गोदाघाटावर मिळतो. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून नाशिककर पूर मोजतो. क्युसेकचा आकडा नंतर येतो. एखाद्या कादंबरीत "मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं" एवढं वाक्य आलं तरी इथल्या वाचकाच्या पोटात गोळा येतो. पुण्याच्या किंवा नागपूरच्या वाचकासाठी मात्र लेखकाला तो मारुती आधी एकदा कोरडा दाखवावा लागेल. रचलेल्या जगात प्रत्येक वाचक परगावचा असतो. त्यामुळे त्या जगातली मापं शोधा: अंतर कशात मोजतात, पैसा कशाचा, वर्ष कधी सुरू होतं, भीती कशावरून ठरते. प्रत्येक माप संकटाआधी एकदा साध्या प्रसंगात आलं आहे का ते बघा. नुसता पुस्तकाच्या सुरुवातीचा नकाशा छापून हे काम होत नाही. नकाशा झाकून दुसरं वाचन करा, पात्रांच्या प्रवासावरून स्वतः नकाशा काढा आणि मग छापलेल्याशी ताडा; लेखकाच्या चुका इथे पटकन सापडतात, विशेषतः दोन गावांमधल्या दिवसांच्या हिशोबात.

अनुवादित पुस्तक असेल तर आणखी एक काम आहे. इंग्रजीत सगळ्यांना एकच संबोधन असतं. मराठीत अनुवादकाला ठरवावं लागतं की शिष्य गुरूला तुम्ही म्हणेल, आणि खलनायक नायकाला तू. कोण कुणाला काय म्हणतं याची एक छोटी यादी करा आणि ते कुठे बदलतं ते पाहा. "तुम्ही"वरून "तू"वर घसरणारा संवाद बहुतेकदा सत्ता बदलल्याची जागा असते, आणि ती अनुवादकानं केलेली भर आहे, मूळ लेखकाची नव्हे. श्रेय त्यालाच द्या. जंगलातली किंवा गरीब पात्रंच तेवढी ग्रामीण बोली बोलत असतील तर तेही लिहा; त्यामागे एक समजूत असते.

सिद्धान्त किती

थोडा, आणि वही भरल्यानंतर. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपनं १९२८ साली शंभर रशियन परीकथांवरून ३१ कार्यं (कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती) आणि पात्रांच्या सात भूमिका काढल्या. विद्यार्थ्यांना त्या फार भावतात, कारण चौकटी पटापट भरतात. पण प्रॉपच्या नायकाला मन नसतं, त्याला फक्त कृती असते. किशोर कादंबरीतली निर्णायक घटना मनात घडलेली असली तर ३१ चौकटींत ती कुठेच बसत नाही, आणि तक्ता पूर्ण होऊनही पुस्तक हातातून निसटतं. 'किशोर'मधल्या कथांच्या संचावर प्रॉप वापरा, तिथे तो चांगला चालतो. कादंबरीवर फक्त भूमिका तपासा. मदत करणाराच शेवटी शत्रू निघतो का, एवढ्यापुरतं. साहित्य-अभ्यासक त्झव्हेतान तोदोरोव्हचं अद्भुत साहित्यावरचं १९७०चं पुस्तक आपल्या कामाचं नाही म्हटलं तरी चालेल: तो पाहतो तो वाचकाचा संभ्रम, हे खरंच घडलं की भास झाला, आणि आपल्या चारपैकी तीन पुस्तकांत तो संभ्रम फार काळ टिकत नाही. देशी बाजूनं दुर्गा भागवतांचं लोकसाहित्यावरचं लेखन वाचा. एखादा कथाबीजाचा धागा परका की आपला, हे ठरवण्याची घाई त्यानंतर कमी होते.

खुद्द वाचकांना विचारताना

ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं त्यांना न विचारता केलेला अभ्यास लंगडा राहतो. आठवी ते दहावीच्या वर्गातली पाच-सहा मुलं पुरतात. मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. नोंदीत मुलांची नावं नकोत, फक्त इयत्ता आणि माध्यम. एका तासिकेत आठ-दहा पानांचं एकच प्रकरण वाचून होतं आणि बोलायला वीस मिनिटं उरतात. मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं एका गटात बसवू नका. ती एकाच पुस्तकाची दोन वेगळी रूपं वाचत असतात आणि जी भाषा मोठ्यानं बोलली जाते तिच्याकडे सगळे झुकतात.

"आवडलं का?" आणि "यातून काय शिकलात?" हे दोन प्रश्न वर्ज्य. दोन्हींची उत्तरं मुलं शिक्षकाचा चेहरा बघून देतात. त्याऐवजी विचारा: यातलं कोणतं पान फाडलं तरी चालेल? लेखक कुठे खोटं बोलतोय असं वाटलं? ही शक्ती तुला मिळाली, पण हीच किंमत असेल, तर घेशील का, आणि घरात कुणाला सांगशील? शेवटच्या प्रश्नाला मिळालेली उत्तरं चौथ्या आणि पाचव्या रकान्याशेजारी ठेवून वाचा. मुलं गप्प बसली तर प्रश्न पुन्हा समजावून सांगू नका, मिनिटभर थांबा. आणि सिनेमा पाहिलेल्यांच्या उत्तरांवर वेगळी खूण करा, कारण ती पडद्यावरचा प्रसंग पुस्तकात होता असं शपथेवर सांगतात.

लिहायला बसताना

लेख अडीच ते तीन हजार शब्दांचा पुरे. कथानकाला त्यातले दोनशेच. आधी एक विधान लिहा ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल. 'या कादंबरीत जादूचं सुंदर चित्रण आहे' हे विधान नव्हे. 'या कादंबरीत किंमत नेहमी मुलीच चुकवतात आणि मुलगे मोकळे सुटतात' हे विधान. त्याला तीन ठिकाणचे पुरावे द्या आणि विरोधात जाणारा निदान एक प्रसंग स्वतःहून मांडा. तो सापडत नसेल तर वही पुन्हा चाळा, बहुधा तुम्ही त्या पानाची नोंदच केलेली नसते.

प्रत्येक ड्रॅगन म्हणजे राजकारण आणि प्रत्येक अंधारी गुहा म्हणजे नैराश्य, असं रूपक शोधत सुटण्याचा मोह आवरा. ड्रॅगन पुस्तकात खातो काय, घाबरतो कशाला, त्याच्याशी सौदा करता येतो का, हे सांगून झाल्यावर रूपकाला जागा उरली तरच ते लिहा. कच्चा मसुदा गटात मोठ्यानं वाचला जाईल तेव्हा बाकीच्यांनी पुस्तक उघडं ठेवावं, आणि पान क्रमांक नसलेलं अवतरण आलं की तिथेच थांबवून पान विचारावं.